गृहकर्जाचा अर्ज करण्यापूर्वी आपला पतअहवाल कसा तपासावा

गृहकर्जाच्या अर्जावर सही करताना अर्जदाराचे लक्ष रक्कम, व्याजदर आणि मुदत यांवर असते. त्याच अर्जात बारीक अक्षरांत संमतीचे एक कलम असते आणि त्याच्या आधारे बँक अर्जदाराचा पतअहवाल, म्हणजे त्याची कर्जे आणि त्यांची परतफेड यांची नोंद, मागवते. फाईल अधिकाऱ्याच्या टेबलावर जाऊन तिचा विचार सुरू होईपर्यंत बँक सहसा थांबत नाही. अर्जाची माहिती संगणकात भरली गेली, म्हणजे बँकेच्या बोलीत ‘फाईल लॉगिन’ झाली, की अहवाल मागवला जातो. मालमत्तेची मालकी तपासणारा वकिलाचा सर्च रिपोर्ट, मालमत्तेचे मूल्यांकन वगैरे गोष्टी बहुतेक ठिकाणी त्यानंतर येतात. अहवालात काही चूक असेल आणि ती लॉगिननंतर लक्षात आली, तर दुरुस्ती होईपर्यंत अर्ज अडकतो आणि घराच्या व्यवहाराची ठरलेली मुदत मात्र पुढे सरकत राहते. त्यामुळे बँकेने अहवाल वाचण्यापूर्वी, शक्य तर तीन महिने आधी, तो स्वतः वाचणे हे या कामातील पहिले पाऊल आहे.

बोलताना आपण सरसकट ‘सिबिल’ म्हणतो, परंतु भारतात पतमाहिती ठेवणाऱ्या कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. त्यांचा कारभार २००५ च्या पतमाहिती कंपन्यांच्या कायद्याखाली चालतो. कर्ज देणाऱ्या संस्थांनी चारही कंपन्यांचे सदस्य व्हावे, असा आदेश रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१५ मध्ये दिला. तरीही चारही ठिकाणच्या नोंदी तंतोतंत जुळतीलच असे नाही. प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा गुणांसह (क्रेडिट स्कोअरसह) संपूर्ण अहवाल विनामूल्य देणे बंधनकारक असल्याने चारही अहवाल मागवावेत. त्यासाठी कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच जावे आणि तेथे ठळक अक्षरांत दिसणाऱ्या सशुल्क योजनांकडे दुर्लक्ष करून विनामूल्य वार्षिक अहवालाचा पर्याय शोधावा. आपला अहवाल आपण कितीही वेळा पाहिला तरी गुणांवर त्याचा परिणाम होत नाही.

अहवाल हाती आला की बहुतेकांची नजर ३०० ते ९०० यांमधील त्या एका आकड्यावर जाते. माझ्या मते आकड्यापेक्षा त्याखालच्या नोंदी अधिक काळजीपूर्वक वाचाव्यात, कारण आकडा बरा असूनही एखाद्या नोंदीमुळे अर्ज अडू शकतो.

सुरुवात नाव, जन्मतारीख, पॅन आणि पत्ते यांपासून करावी. आपल्याकडे एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी, कुठे वडिलांचे नाव पूर्ण तर कुठे नुसते आद्याक्षर असते. विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रियांची जुनी खाती माहेरच्या नावाने राहिलेली असतात. कंपनी या तपशिलांवरूनच खाती जुळवते. त्यामुळे कोणा नामसाधर्म्य असलेल्या व्यक्तीचे कर्ज आपल्या अहवालात येणे किंवा आपलेच नियमित फेडलेले कर्ज त्यात न दिसणे, या दोन्ही गोष्टी घडतात. त्यानंतर प्रत्येक खात्याखालील महिनावार चौकटी पाहाव्यात. हप्ता देय तारखेनंतर किती दिवस थकला याचा आकडा तेथे असतो आणि तीन शून्ये म्हणजे थकबाकी नाही. गेल्या छत्तीस महिन्यांचा इतिहास येथे एका दृष्टिक्षेपात दिसतो, आणि विसरलेल्या क्रेडिट कार्डाचे न भरलेले वार्षिक शुल्कही बहुधा इथेच सापडते.

खात्याच्या स्थितीत ‘सेटल्ड’ हा शेरा असेल तर त्याकडे विशेष लक्ष द्यावे. तडजोड करून कमी रकमेत कर्ज मिटवले की घरचे लोक ते फेडले असे समजतात; बँकेच्या दृष्टीने मात्र उरलेली रक्कम बुडालेली असते आणि गृहकर्ज देणारा अधिकारी तिचा जाब विचारतो. उरलेली रक्कम भरणे शक्य असेल तर ती भरावी, काही देणे उरले नसल्याचे ‘नो ड्यूज’ पत्र घ्यावे आणि खाते ‘क्लोज्ड’ म्हणून कळवण्याची लेखी विनंती त्या संस्थेला करावी. सहकाऱ्याच्या किंवा नातेवाइकाच्या बँक कर्जाला आपण जामीन राहिलो असू तर तीही नोंद आपल्या अहवालात दिसू शकते. त्याचे हप्ते थकले तर त्याची झळ आपल्या अर्जाला बसते.

चूक आढळल्यास संबंधित कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी आणि त्याच दिवशी माहिती पुरवणाऱ्या बँकेलाही लिहावे, कारण बँकेने दुजोरा दिल्याशिवाय कंपनी स्वतःहून नोंद बदलत नाही. तक्रारीचा निपटारा तीस दिवसांत व्हायला हवा. २६ एप्रिल २०२४ पासून, ही मुदत उलटल्यास तक्रारदाराला दररोज शंभर रुपये भरपाई देण्याचा नियम लागू आहे. तेवढ्यानेही काम झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क ऑनलाइन तक्रार करता येते. पतमाहिती कंपन्याही १ सप्टेंबर २०२२ पासून या लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत.

यानंतर चालू हप्त्यांचा हिशेब करावा, कारण अहवालातून बँक तोही काढते. समजा, हाती येणारा पगार ८०,००० रुपये आहे आणि बँक त्याच्या निम्म्यापर्यंत हप्ते चालवून घेते. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांच्या कर्जाचा हप्ता लाखामागे सुमारे ८६८ रुपये पडतो, म्हणजे सुमारे ४६ लाखांचे कर्ज बसते. त्याच व्यक्तीचा वैयक्तिक कर्जाचा ९,००० रुपयांचा हप्ता चालू असेल तर ही रक्कम सुमारे ३५ ते ३६ लाखांवर येते. म्हणून थोडेच हप्ते उरलेले छोटे कर्ज अर्जापूर्वी संपवणे पुष्कळदा फायद्याचे ठरते. कर्ज देणाऱ्या संस्थांना पतमाहिती कंपन्यांकडे किमान दर पंधरवड्याला माहिती कळवणे जानेवारी २०२५ पासून बंधनकारक झाले. तरीही परतफेडीची नोंद अहवालात आल्याची खात्री करूनच अर्ज द्यावा.

आता प्रत्यक्ष लॉगिन. कर्जदात्या संस्थेने अहवाल मागवला की ती ‘चौकशी’ तिच्या नावासह, तारीख, कर्जाचा प्रकार आणि रक्कम यांसह अहवालात नोंदली जाते आणि पुढच्या बँकेला ती दिसते. एका चौकशीने गुण सहसा किंचितच उतरतात. अडचण होते ती एजंटाकडे किंवा गृहप्रदर्शनातील टेबलावर ‘नुसती पात्रता पाहू’ म्हणून पॅन आणि सह्या दिल्यावर. एजंट उत्साहाने चार-पाच बँकांत फाईल टाकतो आणि थोड्याच दिवसांत तितक्याच चौकशा उमटतात. अमेरिकेत फायको या तेथील प्रचलित पतगुणांच्या नव्या आवृत्त्या ४५ दिवसांतील गृहकर्जाच्या चौकशा एकच धरतात. इंटरनेटवरील पुष्कळसा सल्ला तेथूनच उचललेला असल्याने तसलीच सवलत भारतातही आहे असे गृहीत धरू नये. व्याजदर, प्रोसेसिंग फी आणि अटी तोंडी विचाराव्यात, आपणच डाउनलोड केलेला अहवाल दाखवून पात्रतेचा अंदाज घ्यावा आणि नंतर एका, फार तर दोन बँकांत अर्ज करावा. एजंट असल्यास कोणत्या बँकेत फाईल जाणार आहे हे त्याच्याकडून लिहून घ्यावे. अहवाल कोणी पाहिल्यास एसएमएस किंवा ईमेलने सूचना मिळण्याची तरतूद आहे, म्हणून मोबाइल क्रमांक अद्ययावत ठेवावा. अनोळखी संस्थेचे नाव आल्यास लगेच तक्रार करावी.

पती-पत्नी किंवा वडील-मुलगा मिळून अर्ज करत असतील तर सहअर्जदाराचाही अहवाल मागवला जातो, आणि पुढे ते कर्ज दोघांच्याही नावावर दिसते. त्यामुळे वरील सगळी तपासणी दोघांचीही करावी. ज्याने आजवर कर्जच घेतलेले नाही त्याने घाबरू नये. केवळ पतइतिहास नाही एवढ्या कारणावरून पहिल्या कर्जाचा अर्ज फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेचे सांगणे आहे. अर्ज नाकारला गेलाच, तर बँकेने मागवलेल्या पतमाहितीची प्रत मागण्याचा हक्क कायद्याच्या २१ व्या कलमाने अर्जदाराला दिला आहे. ती प्रत पाहून कारण दूर केल्याखेरीज दुसऱ्या बँकेत अर्ज करू नये.

सँक्शन लेटर, म्हणजे कर्जमंजुरीचे पत्र, मिळाले म्हणजे तपासणी संपली, असे नाही. मंजुरीनंतर बराच काळ गेला असेल तर पैसे देण्यापूर्वी बँक पुन्हा अहवाल मागवू शकते. फर्निचर, फ्रिज किंवा गाडी हप्त्यांवर घेण्याचा मोह नेमका याच काळात होतो, आणि त्या नव्या हप्त्यामुळे मंजूर रक्कम कमी होण्याचा किंवा वाटप थांबण्याचा धोका असतो. बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत कर्ज टप्प्याटप्प्याने दिले जाते, तेव्हा हा काळ दोन-तीन वर्षांचाही असू शकतो. तेवढ्यात दुसरे कर्ज घेणे अटळच असेल, तर त्याचा अर्ज करण्यापूर्वी गृहकर्जाच्या शाखेला लेखी कळवून त्यांचे उत्तर हाती घ्यावे.