इसबाची खाज रात्री झोपू देत नाही? तयारी संध्याकाळीच करा

इसब असलेला माणूस दिवसा कामाच्या नादात खाज विसरतो आणि अंथरुणाला पाठ टेकली की खाजवू लागतो. हे मनाचे खेळ नाहीत. दाह आटोक्यात ठेवणारं कॉर्टिसॉल हे शरीरातलं संप्रेरक मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असतं, त्वचा गरम होते आणि तिच्यातून पाणीही जास्त उडतं. म्हणून झोपेच्या गोळीमागे न लागता आधी त्वचेकडे बघा.

झोपायच्या दीड-दोन तास आधी आंघोळ करा. कोमट पाणी, ५ ते १० मिनिटं. कडकडीत पाण्याने खाज घटकाभर थांबते, पण त्वचेवरचं तेल निघून जातं आणि मध्यरात्री ती दामदुपटीने परतते. साबण सौम्य, तोही फक्त काख, जांघा आणि पावलांना. डाळीचं पीठ, उटणं, घासणी बंद. अंग टॉवेलने चोळू नका, टिपा. ओल असतानाच, तीनेक मिनिटांत, बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा पेट्रोलियम जेली लावा. हात केसांच्या दिशेने, वरून खाली फिरवा. उलटं चोळलं तर केसांच्या मुळाशी पुळ्या येतात.

बहुतेकांचं चुकतं ते प्रमाणात. अंगभर इसब असेल तर मोठ्या माणसाला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम मॉइश्चरायझर लागतं. छोटी ट्यूब महिनाभर पुरवून काही साधत नाही.

डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइड मलम मात्र मोजून लावा. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, घडीपासून टोकापर्यंत ट्यूबमधून पिळलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. एवढं मलम मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. ते फक्त लाल, खाजणाऱ्या चट्ट्यांवर, मॉइश्चरायझरनंतर अर्ध्या तासाने. चेहरा आणि जांघेसाठी वेगळं, सौम्य मलम विचारून घ्या.

मलम मुरल्याशिवाय पांघरूण घेऊ नका, उकाड्याने खाज उसळते. सैल सुती कपडे घाला. लोकरी ब्लँकेटपेक्षा जुन्या सुती साड्यांची गोधडी कधीही बरी. नखं कापून कडा घासून घ्या. उशाशी ओला मऊ रुमाल ठेवा. जाग आली की तो चट्ट्यावर दाबून धरा आणि तिथे पुन्हा मॉइश्चरायझर लावा.

गुंगी आणणाऱ्या ॲलर्जीच्या गोळ्यांनी डोळा लागतो, पण इसबाची खाज फारशी कमी होत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र पेंग येते.

इतकं करूनही फरक नसेल तर निदान पुन्हा तपासून घ्या. घरात आणखी कुणाला रात्री खाज सुटत असेल, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला पुरळ असेल, तर ती खरूज असू शकते. औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावावं लागतं. गोल, कडेने पसरत जाणारा चट्टा बहुधा गजकर्णाचा. त्यावर मेडिकलमधून परस्पर आणलेलं स्टिरॉइड मिसळलेलं मलम लावलं तर खाज चार दिवस दबते आणि गजकर्ण आणखी पसरतं.

डॉक्टरांकडे जाताना आठवड्याभराची नोंद न्या: किती वेळा जाग आली, किती वेळ जागे होता. झोपेबद्दल विचारलं नाही तर आपणहून सांगा, कारण उपचार वाढवायचा की नाही हे त्यावरूनही ठरतं. पिवळी खपली, पू किंवा ताप असेल तर नोंद पूर्ण व्हायची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.