खानापूरचा स्विच बेळगावातून सांभाळायचा तर

मुख्य कारखाना बेळगावच्या उद्यमबागेत, कौलांचं युनिट खानापुरात, वखार निपाणीला, आणि नेटवर्क बघणारा माणूस एकच. अशा ठिकाणी नेटवर्क स्विचचा (संगणक, कॅमेरे केबलने एकत्र जोडणाऱ्या डब्याचा) एक पोर्ट, म्हणजे केबल लावायची जागा, बंद-चालू करायला कुणी गाडी काढू नये. त्यासाठी स्विच मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणारा हवा. अनमॅनेज्ड स्विचला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) देता येत नाही, त्यामुळे त्याला लांबून काहीच करता येत नाही. खालचे आदेश सिस्को कॅटॅलिस्टचे आहेत. इथे ते उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत, टाइप करताना रोमनमध्येच करायचे. दुसऱ्या कंपनीच्या स्विचला शब्द वेगळे असतील, क्रम मात्र हाच राहतो.

आधी कागद घ्या. दोन्ही युनिटांत राउटरसोबत आलेली १९२.१६८.१.० हीच पत्त्यांची रेंज असेल, तर व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी सुरक्षित खाजगी जोडणी) जोडूनही पलीकडचं काही दिसणार नाही. आपण विचारलेला पत्ता इथलाच आहे, असं संगणक समजतो. म्हणून प्रत्येक युनिटला वेगळी रेंज ठरवा. उदाहरणार्थ बेळगाव ऑफिसला १०.२०.१.०, घरून व्हीपीएनने येणाऱ्यांना १०.२०.५०.०, आणि खानापूरच्या स्विचच्या व्यवस्थापनासाठी १०.२०.९९.०. तिन्हींचा मास्क (रेंज केवढी ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.०. खानापूरच्या राउटरला १०.२०.९९.१ द्या आणि स्विचला १०.२०.९९.११. हे व्यवस्थापन व्हीलॅन ९९ मध्ये, म्हणजे त्याच स्विचवरच्या स्वतंत्र कप्प्यात, वेगळं ठेवा. कामगारांचे मोबाईल, सीसीटीव्ही आणि बिलिंगचे संगणक त्यात येता कामा नयेत.

आता लॅपटॉप घेऊन स्विचजवळ बसा. कन्सोल केबल (स्विचच्या सेटिंगसाठीची केबल) लावा आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्टचा नंबर बघा. पुट्टी या प्रोग्राममध्ये सिरीयल निवडून वेग ९६००, डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १, फ्लो कंट्रोल बंद असं ठेवा. पडद्यावर विचित्र अक्षरं आली तर वेग चुकलाय. काहीच आलं नाही तर एकदा एंटर दाबा, तरीही नाही तर यूएसबी अडॅप्टरचा ड्रायव्हर तपासा.

कॉन्फिगर टर्मिनलमध्ये गेल्यावर पहिलं काम एसएसएचचं, म्हणजे लांबून सुरक्षित लॉगिनचं:

होस्टनेम खानापूर-एक
आयपी डोमेन-नेम युनिट.लोकल
क्रिप्टो की जनरेट आरएसए मॉड्युलस २०४८
आयपी एसएसएच व्हर्जन २

नाव किंवा डोमेन टाकायचं राहिलं तर की तयारच होत नाही. मग युजरनेम, प्रिव्हिलेज १५ आणि पासवर्ड. पासवर्डसाठी 'सीक्रेट' हाच शब्द वापरा. 'पासवर्ड' वापरलात तर कॉन्फिगरेशनमध्ये तो उघडा दिसतो.

नंतर पत्ता. आधी व्हीलॅन ९९ तयार करा, मग इंटरफेस व्हीलॅन ९९ मध्ये जाऊन आयपी ॲड्रेस आणि नो शटडाउन द्या. बाहेर येऊन आयपी डिफॉल्ट-गेटवे १०.२०.९९.१. गेटवे (युनिटबाहेर जायचा रस्ता, म्हणजे राउटरचा पत्ता) राहिला तर त्याच खोलीतून पिंग होतं आणि बेळगावातून होत नाही. स्विचवर आयपी राउटिंग चालू असेल तर मात्र हा आदेश कामाचा नाही, तिथे आयपी राउट ०.०.०.० ०.०.०.० १०.२०.९९.१ लिहावं लागतं.

शो आयपी इंटरफेस ब्रीफ केल्यावर व्हीलॅन ९९ समोर प्रोटोकॉल डाउन दिसला तर गोंधळू नका. त्या व्हीलॅनचा एकही पोर्ट चालू नाही, एवढाच त्याचा अर्थ. राउटरकडे जाणाऱ्या ट्रंकवर (अनेक व्हीलॅन एकत्र नेणाऱ्या जोडणीवर) ९९ जाऊ द्या. आणि इथेच सगळ्यात महागात पडणारी चूक होते. ट्रंकवर आधीच व्हीलॅनची यादी असेल तर आदेश असा हवा:

स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड ९९

यातला 'ॲड' विसरलात तर यादीत फक्त ९९ उरतो, बाकीचे सगळे व्हीलॅन त्याच क्षणी तुटतात आणि अख्ख्या युनिटचं काम थांबतं. एंटर दाबण्याआधी ही ओळ पुन्हा वाचा.

दार कुणाला उघडायचं ते आता ठरवा. ॲक्सेस-लिस्ट १० मध्ये १०.२०.१.० ला परमिट द्या, वाइल्डकार्ड (मास्कचा उलटा आकडा) ०.०.०.२५५. तशीच दुसरी ओळ १०.२०.५०.० साठी. दुसरी राहिली तर ऑफिसमधून लॉगिन होतं, पण रात्री घरून होत नाही. पुढे व्हीटीवाय, म्हणजे लांबून लॉगिन होणाऱ्या लाइन:

लाइन व्हीटीवाय ० १५
लॉगिन लोकल
ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच
ॲक्सेस-क्लास १० इन
एक्झेक-टाइमआउट १० ०

बरेच जण ० ४ एवढंच लिहितात, त्यामुळे ५ ते १५ या लाइन जुन्या सेटिंगवरच राहतात. टेलनेट ही लॉगिनची जुनी पद्धत ठेवूच नका, त्यात पासवर्ड उघडा जातो. नो आयपी एचटीटीपी सर्व्हर आणि नो आयपी एचटीटीपी सिक्युअर-सर्व्हर देऊन वेबचं पानही बंद करा.

राउटरवर एसएसएचचा पोर्ट २२ फॉरवर्ड करून स्विच थेट इंटरनेटवर आणणं ही गंभीर चूक आहे. काही तासांत पासवर्डचे अंदाज मारणारे दारावर येतात. दोन युनिटांत साइट-टू-साइट व्हीपीएनच घाला. दोन्ही बाजूंना सिमवरचं इंटरनेट असेल तर अनेकदा सार्वजनिक आयपी मिळत नाही. निदान बेळगावच्या बाजूला ब्रॉडबँडवर स्टॅटिक आयपी घ्या आणि खानापूरच्या राउटरला तिकडे जोडणी सुरू करू द्या.

निघण्याआधी लॅपटॉप युनिटच्या वायफायवरून काढा, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर या, व्हीपीएन लावा आणि १०.२०.९९.११ वर एसएसएच करा. जुन्या स्विचवर 'की एक्स्चेंज जुळत नाही' अशा अर्थाची चूक येऊ शकते, कारण नव्या एसएसएचने जुन्या पद्धती सोडून दिल्या आहेत. स्विचचं सॉफ्टवेअर बदलणं हा खरा इलाज. तोवर जुनी पद्धत फक्त त्या एका पत्त्यापुरती चालू करा. सगळं जमलं की कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग. हे राहिलं तर लाईट जाऊन आली की केलेलं सगळं पुसलं जातं.

पुढे लांबून बदल करताना आधी सेव्ह करा, मग रीलोड इन १० द्या, मग बदल करा. संपर्क तुटला तर दहा मिनिटांनी स्विच आपोआप रीस्टार्ट होऊन जुन्या सेटिंगवर येतो. बदल नीट झाला तर रीलोड कॅन्सल देऊन सेव्ह करा. कॅन्सल विसरलात तर चालू शिफ्टमध्ये नेटवर्क काही मिनिटं बंद पडेल.

घड्याळ एनटीपीवर (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या सेवेवर) ठेवा, क्लॉक टाइमझोन आयएसटी ५ ३०. सिसलॉग (स्विचच्या घडामोडींच्या नोंदी) बेळगावच्या एका संगणकावर पाठवा. वेळ बरोबर असेल तरच रात्री कुठला पोर्ट कधी पडला ते कळतं. एसएनएमपी (लांबून देखरेखीची पद्धत) लावायचं तर व्हर्जन ३ लावा.

शेवटी रॅककडे बघा. नुसता स्विच यूपीएसवर असून उपयोग नाही, राउटर आणि फायबरचा कन्व्हर्टरही त्यावरच हवा. खानापूरकडच्या पावसाळ्यात विजा धरून चालाव्या लागतात, म्हणून दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल नको, फायबर टाका. कन्सोल केबल रॅकमध्येच बांधून ठेवा. राउटरकडे जाणाऱ्या केबलला लाल टेप लावा आणि 'ही काढू नका' असं मराठीत आणि कन्नडमध्ये लिहा. फोनवर ज्याला सांगाल त्याला ती पहिल्या नजरेत दिसली पाहिजे.