हफमनच्या झाडापलीकडे: माहिती सिद्धांतात संशोधन करू पाहणाऱ्यांसाठी

मराठवाड्यातल्या इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमच्या मुलामुलींची माहिती सिद्धांताशी, म्हणजे संदेश किती आटोपशीर आणि बिनचूक पाठवता येतो याच्या गणिताशी, ओळख बहुतेक वेळा परीक्षेपुरती असते. संभाव्यता दिलेल्या आहेत, हफमन कोड (वारंवार येणाऱ्या चिन्हांना आखूड कोड देणारी, झाडाच्या आकृतीने सोडवायची रीत) काढा, एन्ट्रॉपी (माहितीचं सरासरी माप) काढा, कार्यक्षमता टक्क्यांत सांगा. परभणीहून नांदेडला येऊन मीही हा विषय असाच शिकले. त्यामुळे संशोधन म्हणजे हीच गणितं, फक्त जास्त अवघड, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात काम निराळं आहे.

क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली बेल लॅब्समध्ये असताना जो लेख लिहिला, त्यातला प्रश्न मर्यादेचा होता. एक उदाहरण घ्या. संदेश नेणाऱ्या वाहिनीतून जाणारा प्रत्येक बिट ०.११ संभाव्यतेने उलटा होतो. अशा वाहिनीची क्षमता, म्हणजे पाठवलेल्या दर बिटामागे भरवशाने पोचवता येणारी जास्तीत जास्त माहिती, जवळजवळ अर्धा बिट येते. सूत्रात आकडा घातला की झालं, परीक्षा तिथे संपते. संशोधन तिथून सुरू होतं, कारण हे विधान दोन बाजूंनी सिद्ध करावं लागतं. अर्ध्याहून किंचित कमी दराने पाठवणारे, चूक हवी तितकी कमी करणारे लांब कोड अस्तित्वात आहेत, ही एक बाजू. अर्ध्याहून जास्त दराने कुणालाही, कधीही हे जमणार नाही, ही दुसरी; तिला कन्व्हर्स म्हणतात. अजून कुणी रचलेलाच नाही अशा कोडबद्दलही ठामपणे बोलता येतं, यातच मला या विषयाचं सगळं सौंदर्य दिसतं. चर्चासत्रात कुणी नवी रीत मांडली की ‘कन्व्हर्सचं काय?’ हा प्रश्न येतोच. तो प्रश्न तुम्हाला स्वतःहून पडू लागला की समजा, तुम्ही या मंडळींत आलात.

तयारी संभाव्यतेची करा. गेट या प्रवेशपरीक्षेच्या सूत्रांपुरती नव्हे. मार्कोव्ह, चेबिशेव्ह आणि जेन्सन यांच्या असमता, मोठ्या संख्यांचा नियम, सगळं सिद्धतेसह. कव्हर आणि थॉमस यांच्या ‘एलिमेंट्स ऑफ इन्फर्मेशन थिअरी’ या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीतलं २, ३ आणि ७ वं प्रकरण आधी घ्या. डेव्हिड मॅकाय यांचं याच विषयावरचं पुस्तक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतं. एनपीटेल या आयआयटी-आयआयएससीच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर व्याख्यानं आहेत. पण नुसतं ऐकून हा विषय अंगात मुरत नाही. पुस्तक मिटा, रिकाम्या वर्गातल्या फळ्यासमोर उभं राहा आणि सिद्धता मैत्रिणीला मराठीत समजावून सांगा. ‘हे कशावरून?’ असं ती जिथे विचारेल, तिथेच तुमचा अभ्यास बाकी आहे.

या विषयातल्या संशोधकांचा समाज तसा लहान आहे आणि बराच मोकळा. बहुतेक लेख छापून येण्याआधीच अर्काइव्ह (arXiv) या सर्वांना खुल्या संकेतस्थळावर टाकले जातात, म्हणजे लातूरच्या विद्यार्थ्याला आणि एमआयटीतल्या विद्यार्थ्याला लेख एकाच दिवशी मिळतो. वर्षातला मोठा मेळावा म्हणजे आयसिट (ISIT), ही माहिती सिद्धांताची आंतरराष्ट्रीय परिषद. तिथे जाणं खर्चाचं आहे. आपल्यासाठी आधी एनसीसी (नॅशनल कॉन्फरन्स ऑन कम्युनिकेशन्स), ही दरवर्षी देशातल्या वेगवेगळ्या संस्थांत भरणारी परिषद, आणि बंगळुरूच्या आयआयएससीत दर दोन वर्षांनी होणारी स्पकॉम, ही सिग्नल प्रोसेसिंग आणि कम्युनिकेशन्सची परिषद. २०२२ साली तर या क्षेत्रातली आंतरराष्ट्रीय कार्यशाळा, आयटीडब्ल्यू, मुंबईतच झाली होती. आयआयटी आणि आयआयएससी मिळून चालवतात त्या उन्हाळी शाळेवरही लक्ष ठेवा.

आपण मोठ्या केंद्रांपासून लांब आहोत, ही खंत मी अनेकांकडून ऐकते. ती खरी आहे; गावात या विषयावर बोलायला माणूस मिळत नाही. तरी एर्दाल अरिकान यांच्याकडे पाहा. एमआयटीत पीएचडी केल्यावर ते तुर्कस्तानात अंकाराच्या विद्यापीठात परतले आणि तिथूनच त्यांनी पोलर कोड, म्हणजे वाहिनीची क्षमता गाठणारे कोड, मांडले. त्यांचा लेख २००९ साली आला. आज ५जीच्या नियंत्रण वाहिन्यांत, म्हणजे फोन आणि टॉवर यांच्यातल्या सूचना नेणाऱ्या वाहिन्यांत, हे कोड वापरले जातात. आणि थॉमस कैलाथ तर आपल्या पुण्यात जन्मले, सीओईपी या तिथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५६ साली पदवीधर झाले आणि २००० साली शॅनन पुरस्काराचे, म्हणजे या विषयातल्या सर्वोच्च सन्मानाचे, मानकरी ठरले.

घरून ‘नोकरी कधी?’ हा प्रश्न येणारच. गेट किंवा नेटच्या आधारे पीएचडीला प्रवेश मिळाला की दरमहा शिष्यवृत्ती असते, हे आईवडिलांना आकड्यांसकट दाखवा. मुलाखतीत संभाव्यता आणि रेषीय बीजगणित फळ्यावर सोडवायला सांगतात. अडलात तर विचार मोठ्याने बोलून दाखवा. तो ऐकण्यासाठीच समोरची मंडळी बसलेली असतात.

प्राध्यापकांना मेल पाठवताना ‘मला आपल्या क्षेत्रात रस आहे, इंटर्नशिप द्यावी’ एवढंच लिहू नका. त्यांचा एक लेख पूर्ण वाचा. एखादी पायरी कळली नसेल, किंवा एखादी अट काढून टाकली तर प्रमेय टिकतं का असं वाटत असेल, तर नेमकं तेच विचारा आणि तुम्ही कुठवर पोचलात ते चार ओळींत लिहा. सोबत गुणपत्रिका जोडायची गरज नाही. अशा मेलना उत्तरं येतात, अनोळखी कॉलेजातून आलेल्या असल्या तरी. मलाही आली आहेत. आणि उत्तरात बहुतेक वेळा आणखी एक लेख वाचायला सांगितलेला असतो. तो वाचून पुन्हा लिहा.