क्रूझला निघताय? लस आणि टेस्टच्या कागदांत या चुका टाळा

सध्या बहुतेक मोठ्या क्रूझ कंपन्या कोविड लशीचं सर्टिफिकेट मागत नाहीत आणि निघण्यापूर्वीची टेस्टही करायला सांगत नाहीत. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने जहाजांसाठीचा खास कोविड कार्यक्रम 18 जुलै 2022 रोजी गुंडाळला. जागतिक आरोग्य संघटनेने 5 मे 2023 रोजी कोविडची जागतिक आरोग्य आणीबाणी उठवली आणि त्याच महिन्यात अमेरिकेने विमानाने येणाऱ्या परदेशी प्रवाशांवरची लशीची अटही काढून टाकली. तरीही बोर्डिंगच्या काउंटरवर लोक अडतात. 'आता काही लागत नाही' असं ऐकून काही जण सूचना उघडूनही बघत नाहीत, तर काही जण 2021 चे लेख वाचून नको तिथे आरटीपीसीआरवर पैसे घालवतात. शिवाय आरोग्याच्या अटी बदलण्याचा हक्क कंपन्या तिकिटाच्या करारात राखून ठेवतात. त्यामुळे कुठे बघायचं आणि काय मोजायचं, हे माहीत हवंच.

फक्त कंपनीचा नियम वाचणं

क्रूझच्या प्रवाशावर तीन जणांचे नियम लागू होतात: जहाज कंपनीचे, ज्या ज्या देशाच्या बंदरात जहाज लागणार त्या देशाचे, आणि जहाजापर्यंत नेणाऱ्या विमानाच्या वाटेतले. तिन्हींत जो सर्वांत कडक, तो पाळायचा. कंपनीने 'टेस्ट नको' म्हटलं म्हणून बंदराला तसं म्हणावंच लागतं, असं नाही.

बंदराचा शब्द किती अंतिम असतो, ते आपल्याकडेही दिसलं आहे. जानेवारी 2022 च्या सुरुवातीला मुंबईहून सुमारे 2,000 जणांना घेऊन गेलेलं जहाज गोव्यात मुरगाव बंदरात अडकलं. तपासणीत 66 जण पॉझिटिव्ह निघाले आणि जहाज प्रवाशांसह मुंबईला परतलं. न्यू इयरची गोवा सहल केबिनच्या खिडकीतून झाली. त्याआधी फेब्रुवारी 2020 मध्ये जपानमध्ये योकोहामात 'डायमंड प्रिन्सेस' हे क्रूझ जहाज रोखून धरलं होतं. त्यावरच्या 3,711 जणांपैकी 712 जणांना लागण झाली.

नियम बघायचे ते कंपनीच्या साइटवर, आपल्या सेलिंगच्या तारखेच्या पानावर. 'जनरल' माहितीच्या पानावर नव्हे. एकाच कंपनीच्या सिंगापूर, अलास्का आणि भूमध्य समुद्रातल्या सफरींना वेगवेगळे नियम असू शकतात, 2022 मध्ये ते तसे होतेही. अंटार्क्टिकासारख्या दूरच्या सफरींसाठी तर डॉक्टरची सही असलेला आरोग्याचा फॉर्म अनेक कंपन्या आजही मागतात, कारण तिथे जवळपास इस्पितळ नसतं. ट्रॅव्हल एजंट फोनवर 'काही लागत नाही हो' म्हणाला, तर तेच ईमेलवर लिहून मागा. आणि तीनदा तपासा: बुकिंग करताना, शेवटचा हप्ता भरण्याआधी, आणि निघण्याच्या आठवडाभर आधी. मधली तपासणी सगळ्यात महत्त्वाची. शेवटचा हप्ता साधारण 60 ते 90 दिवस आधी असतो आणि त्यानंतर रद्द केलं की पैसे कापायला सुरुवात होते.

(जहाजावर नोकरीला जाणाऱ्यांना यातलं बरंच लागू नाही. त्यांनी भरती एजन्सीचं पत्रच प्रमाण मानावं.)

तास आणि दिवस यांत गल्लत

टेस्ट मागितलीच, तर सर्वांत जास्त माणसं इथे घसरतात. '48 तास' आणि '2 दिवस' हे एकच नाही.

समजा, जहाज सिंगापूरहून शनिवारी दुपारी 4 वाजता सुटणार आहे. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणजे आपल्याकडे तेव्हा दीड वाजलेला असेल. नियम '48 तास' असेल तर स्वॅब भारतीय वेळेप्रमाणे गुरुवारी दुपारी दीडच्या नंतरचा हवा. नियम '2 दिवस' असेल तर गुरुवारी कोणत्याही वेळचा चालतो. म्हणजे गुरुवारी सकाळी 9 ला दिलेला स्वॅब एका नियमात बसतो आणि दुसऱ्यात साडेचार तासांनी बाद होतो. नियम 72 तासांचा असेल, तर हीच सीमा बुधवारी दुपारी दीडवर येते.

वेळ मोजायची ती स्वॅब घेतल्यापासून. रिपोर्टवर दोन वेळा छापलेल्या असतात: नमुना घेतल्याची आणि रिपोर्ट दिल्याची. खाली ठळक दिसते ती दुसरी आणि लोक तीच धरतात. स्वॅब बुधवारी सकाळी, रिपोर्ट गुरुवारी सकाळी, असं असेल तर काउंटरवर बुधवारच मोजला जातो.

शिवाय तास कुठपर्यंत मोजायचे, तेही बघा. चेक-इनपर्यंत, जहाज सुटेपर्यंत की विमान सुटेपर्यंत? अमेरिकेला जाणाऱ्या विमानांसाठी डिसेंबर 2021 ते जून 2022 या काळात 'विमान सुटण्याच्या 1 दिवस आधी' असा नियम होता. सगळी विमानं एकाच बुकिंगमध्ये असतील आणि मधला थांबा 24 तासांहून जास्त नसेल, तर मोजणी पहिल्या विमानापासून होत असे. जहाजाची मोजणी मात्र वेगळी चालायची, म्हणून एकच टेस्ट दोघांना पुरेलच याचा भरवसा नव्हता. 72 तासांचा नियम असेल आणि विमान शुक्रवारी रात्रीचं असेल, तर गुरुवारी सकाळचा स्वॅब सोयीचा: मुदतीत बसतो आणि रिपोर्टला उशीर झाला तरी हाताशी एक दिवस उरतो.

लॅबला सांगून तारखेत महिना अक्षरात छापून घ्या. 04/05 म्हणजे आपल्याकडे 4 मे, अमेरिकन माणसाला मात्र 5 एप्रिल.

नाव जुळत नाही

हा खास आपला घोळ. आपण नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव असं लिहितो. सरकारी फॉर्मवर कधी आडनाव आधी येतं, तर लग्नानंतर पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि आधार सासरच्या नावाचं. लस घेताना कोविनवर आधार कार्डाप्रमाणे 'जाधव सुनीता रमेश' गेलं, पासपोर्टवर नाव 'सुनीता', आडनाव 'देशमुख'. सर्टिफिकेट खरं, डोस खरे, पण काउंटरवरच्या फिलिपिनो किंवा इटालियन कर्मचाऱ्याला ही दोन वेगळी माणसं दिसतात. त्याची काही चूक नाही.

कोविनवर लॉगिन केल्यावर 'रेज ॲन इश्यू'मध्ये नाव दुरुस्त करण्याची आणि पासपोर्ट क्रमांक जोडण्याची सोय देण्यात आली होती. मात्र नावाची दुरुस्ती एकदाच होते, म्हणून पासपोर्ट समोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवून टाका. परदेशासाठी त्याचं वेगळं 'इंटरनॅशनल ट्रॅव्हल' सर्टिफिकेट मिळतं आणि त्यावर पूर्ण जन्मतारीख असते. सुरुवातीच्या साध्या सर्टिफिकेटवर फक्त वय होतं, ते बाहेरदेशी पुरत नसे.

आईवडिलांचं सर्टिफिकेट कुणाच्या मोबाइल नंबरवर आहे, तेही आत्ताच शोधा. एका नंबरवर आधी चार आणि नंतर सहा जणांची नोंदणी होत होती. भाच्याच्या, शेजाऱ्याच्या नंबरवर नोंदवलेले आजी-आजोबा कमी नाहीत. तो नंबर बंद पडला असेल तर ओटीपी येणार नाही. जुनी छापील प्रत सापडली तर तिच्यावरचा बेनिफिशियरी रेफरन्स आयडी जपून ठेवा. डिजीलॉकरमध्ये सर्टिफिकेट मिळवायला तो लागतो. पीडीएफ फोनमध्ये उतरवून घ्या आणि एक प्रत कागदावर काढा. बंदराच्या टर्मिनलवर नेट मिळेलच असं नाही.

डोस घेतला म्हणजे झालं, असं समजणं

'पूर्ण लसीकरण' म्हणजे शेवटच्या आवश्यक डोसनंतर 14 दिवस झालेले असणं. डोसचा दिवस मोजायचा नाही. 1 तारखेला दुसरा डोस घेतला, तर 15 तारखेला 14 दिवस भरतात. बाराव्या दिवशी जहाज असेल तर त्या नियमात तुम्ही लस न घेतलेलेच.

लस कोणती, यालाही महत्त्व होतं. कोविशील्ड फेब्रुवारी 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत आली, कोव्हॅक्सिन थेट 3 नोव्हेंबर 2021 रोजी. मधल्या काळात कोव्हॅक्सिनवाल्यांना बऱ्याच देशांनी लस न घेतलेल्यांत धरलं. 12 ते 14 वर्षांच्या मुलांना मार्च 2022 पासून दिलेली कोर्बेव्हॅक्स त्या यादीत जानेवारी 2024 मध्ये आली, आणि स्पुटनिक त्या यादीत आलीच नाही. कुठे लशीची अट दिसली, तर 'लस घेतली का' एवढंच वाचू नका. मान्य लशींची यादी आणि मुलांचं वय याच दोन ओळी आधी शोधा.

आता एक गोष्ट, जी कोविडच्या गडबडीत मागे पडते. जहाज केनियातल्या मोम्बासा किंवा ब्राझीलच्या बंदरांत लागणार असेल, तर यलो फीवरची (पीतज्वराची) लस बघा. तिचा नियम जिवंत आहे आणि तो आपल्याच विमानतळावर तपासला जातो. सर्टिफिकेट डोसनंतर 10 दिवसांनी लागू होतं आणि 2016 पासून आयुष्यभर चालतं. ते नसेल तर भारतात परतल्यावर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ही लस सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते आणि तिथे अपॉइंटमेंटची वाट बघावी लागते, तेव्हा महिनाभर आधी लागा कामाला.

चुकीची टेस्ट

घरी केलेली सेल्फ टेस्ट स्वतःच्या माहितीसाठी. पुण्याच्या मायलॅबचं कोविसेल्फ किट असो की परदेशी किट, रिपोर्टवर नमुना घेणाऱ्याचं आणि लॅबचं नाव नसेल तर प्रवासाला ते सहसा चालत नाही. काही कंपन्यांनी व्हिडिओ कॉलवर देखरेखीखाली केलेली टेस्ट मान्य केली होती, पण ती ठरावीक किटनेच.

नुकताच कोविड होऊन गेला असेल तर आरटीपीसीआरच्या फंदात पडू नका, नियमात अँटिजेन चालत असेल तर तीच करा. आरटीपीसीआर विषाणूचे मेलेले तुकडेही पकडते आणि बरं झाल्यावर कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणूनच आधीच्या 90 दिवसांत पॉझिटिव्ह आलेल्यांना टेस्टऐवजी जुना पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि बरं झाल्याचं डॉक्टरचं पत्र दाखवायची मुभा बऱ्याच ठिकाणी होती. बरं झाल्यावर जुना रिपोर्ट फेकून देणाऱ्यांची तेव्हा पंचाईत झाली.

पॉझिटिव्ह आल्यावर फेरतपासणी मागायला लाजू नका. डिसेंबर 2020 मध्ये सिंगापूरहून निघालेलं 'क्वांटम ऑफ द सीज' एका 83 वर्षांच्या प्रवाशाच्या पॉझिटिव्ह रिपोर्टवरून परत फिरवलं गेलं. किनाऱ्यावर पुन्हा तपासलं, तर त्यांना कोविड नव्हताच.

खोकला लपवणं आणि विमा न वाचणं

बोर्डिंगच्या वेळी आरोग्याचा फॉर्म आजही भरून घेतात. त्यात ताप-खोकल्याबरोबर उलटी-जुलाबही विचारतात, कारण जहाजावर नोरोव्हायरस झपाट्याने पसरतो. पॅरासिटामॉल घेऊन ताप उतरवून चढणारे दोन दिवसांत जहाजाच्या दवाखान्यात पोचतात आणि मग 'खोटी माहिती दिली' हा मुद्दा विम्याच्या दाव्यात निघतो. लक्षणं असतील तर घरी सेल्फ टेस्ट करा आणि निगेटिव्ह आली तर 48 तासांनी पुन्हा. कोविसेल्फवर 15 मिनिटांनी वाचायचं. 20 मिनिटांनंतर उमटलेली रेष धरायची नाही. वेळेत दिसलेली टी (टेस्ट) रेष पुसट असली तरी पॉझिटिव्हच, आणि सी (कंट्रोल) रेष आली नाही तर किट वाया.

आपली नेहमीची मेडिक्लेम पॉलिसी परदेशातल्या जहाजावर सहसा उपयोगी पडत नाही. प्रवास विमा घेताना चार गोष्टी लेखी विचारा: क्रूझ धरली आहे का, कोविडचा खर्च मिळतो का, केबिनमध्ये विलग राहावं लागल्यास बुडालेल्या दिवसांचं काय, आणि जहाजावरून इस्पितळात हलवण्याचा खर्च किती रकमेपर्यंत. जहाजाचा दवाखाना बिल डॉलरमध्ये तुमच्या खात्यावर टाकतो. कॅशलेसची आशा धरू नका. वाटेत एखाद्या देशात उतरवलं, तर तिथला व्हिसा आणि त्याची मुदत लागते, म्हणून परतीच्या तारखेला नेमका संपणारा व्हिसा घेऊ नका.

केबिनमध्ये राहायला सांगितलंच, तर त्याच दिवशी जहाजाच्या डॉक्टरकडून सहीशिक्क्याचं पत्र घ्या. त्यात टेस्टचा प्रकार, तारीख, वेळ आणि विलगीकरण कधी सुरू झालं, कधी संपलं हे असावं. जहाज सुटल्यावर ते पत्र मिळवायला आठवडे जातात आणि विमा कंपनी सहसा तेच पहिलं मागते.