शेड्यूल कापलं की लीगलने काय करायचं

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी लीगल बघते. खातं म्हणजे मी, एक ज्युनियर आणि दोन कपाटं. २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या मोठ्या वित्तसंस्थेचे हप्ते थकले, एनबीएफसींकडचा (बँक नसलेल्या कर्ज कंपन्यांकडचा) पैसा आटला, गाड्यांची कर्जं अडली. त्यात १ एप्रिल २०२० ची बीएस-६ ची, म्हणजे गाड्यांच्या धुराच्या नव्या निकषांची, तारीख डोक्यावर. २०१९ च्या उन्हाळ्यानंतर मोठ्या गाडीवाल्यांनी एकामागून एक 'नो प्रॉडक्शन डे' लावले आणि पाठोपाठ लॉकडाऊन आलं. खाली लिहिलंय ते त्या काळात शिकलेलं, आजच्या कायद्याशी ताडून. लॉ फर्म सोडून नुकतेच कंपनीत आलेल्यांसाठी आहे.

मंदी आली की पहिल्यांदा टेबल सोडा. अशा वेळी लीगलचं काम अकाउंट्स, परचेस, स्टोअर्स आणि क्वालिटीत असतं. तिथली माणसं दिवसभर फोनवर प्रश्न सोडवतात आणि कागदावर काहीच उरत नाही. त्यांना वेळेवर लिहायला लावणं ही तुमची नोकरी.

ओपन पीओ वाचा, पुन्हा

आमच्या धंद्यात ग्राहक ओपन पीओ (खुली खरेदी ऑर्डर) देतो. त्यात भाव असतो, नग नसतात. नग दर महिन्याच्या शेड्यूलमध्ये येतात: चालू महिना पक्का, पुढचे दोन-तीन अंदाजे. सेल्सवाले त्या अंदाजावर स्टील मागवतात. शेड्यूल निम्मं झालं की तो माल आपल्या अंगावर. तेव्हा प्रत्येक मोठ्या ग्राहकाच्या अटींमधून तीनच गोष्टी काढा: पक्कं शेड्यूल किती दिवसांचं, त्याच्यासाठी घेतलेल्या कच्च्या मालाचं काय, आणि टूलिंगचा (साच्यांचा) खर्च प्रति नग वसूल होत असेल तर नगच कमी झाल्यावर उरलेला कोण देणार. तिसऱ्याचं उत्तर बहुतेक करारांत नसतंच. म्हणून शेड्यूल कापल्याचा मेल आला त्याच आठवड्यात सेल्सकडून उत्तर पाठवा: अमुक शेड्यूलवर विसंबून एवढा माल घेतला, टूलिंगचे एवढे बाकी, यावर बसून बोलू. भाषा गोडच ठेवा, ग्राहक टिकवायचा आहे. पण आकडे त्यात हवेत.

याच सुमारास कोणीतरी 'फोर्स मेज्युअर लावू या', म्हणजे हाताबाहेरच्या संकटाचं कारण देऊन करारातून सुटू या, म्हणत येईल. मागणी घटली किंवा माल महागला एवढ्यावर करारातून सुटका नाही. एनर्जी वॉचडॉगच्या निकालात सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्येच हे स्पष्ट केलंय. करारातलं कलम वाचा, त्यातली कळवायची मुदत पाळा, पण साहेबांना खोटी आशा लावू नका.

दहा दिवसांची नोटीस

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण कंपनी यातच अडकते.

पुरवठादाराचे पैसे थकले की तो दिवाळखोरी संहितेच्या कलम ८ ची मागणी नोटीस पाठवू शकतो. २४ मार्च २०२० पासून किमान रक्कम १ कोटी झाली, त्यामुळे छोट्यांचा त्रास कमी झाला, पण स्टीलवाल्याचं बिल १ कोटी सहज ओलांडतं. नोटीस मिळाल्यापासून १० दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वाद आहे असं पुराव्यासह कळवायचं. नाहीतर तो एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांची दिवाळखोरी बघणाऱ्या ट्रिब्युनलमध्ये, जायला मोकळा.

आता हे १० दिवस कुठे जातात ते बघा. नोटीस येते नोंदणीकृत पत्त्यावर. अनेक कंपन्यांचा तो पत्ता म्हणजे कारखाना नव्हे, तर मुंबईतली संस्थापकांची जुनी जागा. तिथला माणूस पाकीट घेतो, सही करतो आणि शनिवारच्या टपालात घालून कारखान्याला पाठवतो. किंवा नोटीस येते पूर्णवेळ संचालकाच्या ईमेलवर आणि तो परदेशात प्रदर्शनाला गेलेला असतो. म्हणून हे आजच करा: नोंदणीकृत पत्त्यावर जो कोणी टपाल घेतो त्याला सांगा की वकिलाचं, बँकेचं किंवा ट्रिब्युनलचं नाव दिसलं की पाकिटाचा आणि आतल्या पहिल्या पानाचा फोटो लगेच व्हॉट्सॲपवर. संचालकांच्या पीएंनाही तेच सांगा.

दुसरी गोष्ट वादाची. मोबिलॉक्स निकालाप्रमाणे (२०१७) खराखुरा वाद असला की अर्ज टिकत नाही, पण तो वाद नोटीस हाती पडण्याआधीचा हवा. नोटीस आल्यावर 'तुमचा माल खराब होता' असं लिहून उपयोग नाही. आणि नेमकं इथेच आपली माणसं कच्ची. क्वालिटीवाला इन्स्पेक्शनला गाडीतला निम्मा माल बाजूला काढतो, पुरवठादाराला फोन करतो, तो म्हणतो 'साहेब, पुढच्या लॉटमध्ये भरून देतो', विषय संपला. जीआरएनवर (माल मिळाल्याच्या नोंदीवर) पूर्ण नग 'ओके'. वर परचेसवाल्याचा मेसेज: 'पेमेंट थोडं लेट होईल, समजून घ्या.' त्या एका ओळीत आपण कर्ज कबूल केलेलं असतं आणि मालाबद्दल चकार शब्द नसतो. क्वालिटीला सांगा: नाकारलेला माल जीआरएनवर त्याच दिवशी दाखवायचा, रिजेक्शन नोट मेलने जायची, डेबिट नोट (बिलातून कापायच्या रकमेची) त्याच महिन्यात. मात्र माल चांगला असताना पैसे टाळायला वाद रचायचा असेल, तर तुम्ही त्यात पडू नका. असले मागाहून जन्मलेले वाद ट्रिब्युनलला लगेच ओळखू येतात.

हेच उलट्या बाजूनेही लागू. आपल्या ग्राहकाला नोटीस ठोकायला साहेब उतावीळ असतात. आधी दोन वर्षांचे क्वालिटीचे मेल वाचा. त्यात त्याच्या तक्रारी सापडल्या तर नोटिशीने संबंध बिघडतील आणि अर्जही फेटाळला जाईल.

लहान पुरवठादाराचे पैसे

पैसे अपुरे पडले की अकाउंट्स ठरवतं, जो ओरडत नाही त्याला थांबवा. ओरडत नाहीत ते भोसरीचे लहान वर्कशॉपवाले. कायद्याने मात्र त्यांचेच पैसे आधी द्यायचे असतात. लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाला करार काहीही म्हणो, जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. पीओवर ९० दिवस छापलेत म्हणून सुटका होत नाही. उशिराला रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. अशा थकबाकीचे वाद बघणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलचा निवाडा विरोधात गेला आणि त्याला आव्हान द्यायचं झालं तर ७५ टक्के रक्कम आधी भरा. शिवाय २०२४-२५ च्या करनिर्धारण वर्षापासून या मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट प्रत्यक्ष पैसे देऊ त्याच वर्षी मिळते. सीएफओ (वित्तप्रमुख) व्याजाला घाबरत नाहीत, या शेवटच्या वाक्याला घाबरतात. मीटिंगमध्ये सुरुवात तिथून करा.

आपलं येणं

दिवाणी दाव्याची मुदत तीन वर्षं. दर ३१ मार्चला ग्राहकाकडून बॅलन्स कन्फर्मेशन (बाकी रक्कम मान्य असल्याचं पत्र) सही-शिक्क्यासह घ्या. मुदत संपायच्या आत लेखी कबुली मिळाली की तीन वर्षं नव्याने मोजली जातात. ग्राहक सही टाळू लागला की समजा पाणी मुरतंय. चेक परतला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस, त्यानंतर महिन्याभरात तक्रार. या तारखा ज्युनियरच्या कॅलेंडरवरही टाका. ३ लाख किंवा त्याहून मोठा व्यापारी दावा असेल आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर आधी मध्यस्थी सक्तीची. ती टाळून दावा लावला तर फेटाळला जातो, २०२२ च्या पाटील ऑटोमेशन निकालानंतर यात शंका उरली नाही. ग्राहकच दिवाळखोरीत गेला तर वर्तमानपत्रातल्या सूचनेतली तारीख पाळून फॉर्म बी (आपलं येणं मागायचा अर्ज) भरा. वकील लागत नाही, बिलं नीट लावलेली लागतात.

एक गोष्ट सगळे विसरतात: आपल्या डाय, म्हणजे भाग घडवायचे साचे. जॉबवर्कवाल्याकडे (आपलं काम करून देणाऱ्या बाहेरच्या कारखान्याकडे) पडलेली डाय त्याच्या कंपनीला टाळं लागलं की कोणाची, हे सिद्ध तुम्हाला करायचं असतं. कायदा म्हणतो की त्याच्या ताब्यातली दुसऱ्याची मालमत्ता त्याच्या मालमत्तेत धरायची नाही, पण रिझोल्यूशन प्रोफेशनल (दिवाळखोरीत कंपनीचा ताबा घेणारा) शेडमध्ये येतो तेव्हा त्याला सगळं लोखंड सारखंच दिसतं. डायवर कंपनीचं नाव आणि नंबर कोरलेली पट्टी रिव्हेट करून घ्या. स्टिकर तेलात टिकत नाही. डिलिव्हरी चलनावर तोच नंबर हवा. वर्षातून एकदा ज्युनियरला पाठवून पट्टीसकट फोटो काढा आणि 'या डाय तुमच्या' अशी एक पानी यादी जॉबवर्कवाल्याकडून सही करून आणा. त्याचे बरे दिवस असताना सही आनंदाने मिळते.

माणसं कमी करताना

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. ले-ऑफ (काम नाही म्हणून तात्पुरतं बसवणं), कपात किंवा कारखाना बंद करायला सरकारची आगाऊ परवानगी आता ३०० कामगारांपासून लागते. पूर्वीच्या केंद्रीय कायद्यात हा आकडा १०० होता. म्हणून एचआरवाले निवांत होतात. पण परवानगी नको म्हणजे बाकी नियम नकोत असं नाही. ले-ऑफला बेसिक आणि डीएच्या निम्मी भरपाई, कपातीला प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार, शेवटी आलेला आधी जाणार, आणि हा क्रम मोडलात तर कारण लेखी.

राजीनाम्यांवर डोळा ठेवा. एकाच दिवशी, एकाच फाँटमध्ये, 'घरगुती कारणास्तव' असं त्याच चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घासह लिहिलेला गठ्ठा घेऊन एचआर आलं, तर तो परत करा. लेबर कोर्टात कामगाराच्या वकिलाला दुसरा पुरावा लागणार नाही. स्वेच्छेने जाणाऱ्यांसाठी योजना काढून रक्कम जाहीर करा, विचाराला वेळ द्या. महाग वाटतं, पण मागच्या पगारासकट परत घ्यायला लागण्यापेक्षा स्वस्तच.

या विषयावर मेलही जपून. ३१ ऑक्टोबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पगारी कंपनी वकिलाला वकिली करणाऱ्या ॲडव्होकेटसारखं गोपनीयतेचं पूर्ण संरक्षण नाही, मर्यादित आहे. 'कोणाला काढायचं' याची कच्ची चर्चा मेलवर नको. नाजूक मुद्द्यावर बाहेरच्या वकिलाचं मत घ्या.

आणि बजेट

बाहेरच्या वकिलांचं बजेट सगळ्यात आधी कापलं जातं, तेही केसेस वाढत असताना. तारखेगणिक फी बंद करून टप्प्यावर ठरवा: दावा दाखल, पुरावा, युक्तिवाद. मसुदा आणि तारखांची यादी तुम्ही करा, त्यांनी तपासावी. चांगले वकील याला तयार होतात. त्यांच्याकडेही मंदी असते. 'मॅडम, तुम्हीच उभ्या राहा ना' असं साहेब म्हणतील, तर बार कौन्सिलचा नियम ४९ दाखवा. पूर्णवेळ पगारी माणसाला वकिली करता येत नाही.

बजेटच्या मीटिंगला केसेसची लांबलचक यादी नेऊ नका. एक पान न्या: येत्या ९० दिवसांत कुठली तारीख चुकली तर किती रुपये जातील, मोठी रक्कम वर. आमच्याकडे त्या पानावर पहिल्या तीन ओळी कोर्टाच्या कधीच नसतात. दोन पुरवठादारांच्या थकबाकीच्या असतात आणि एक बँकेच्या कराराची.