एमएस्सी ऑडिओलॉजी: पहिल्या ओपीडी पोस्टिंगआधी

प्युअर टोन चाचणी (एकेका फ्रिक्वेन्सीचा आवाज देऊन ऐकू येणं मोजणं) बीएएसएलपीतच, म्हणजे याच विषयाच्या पदवीतच, हातात बसलेली असते, तरी बिघडलेल्या ऑडिओग्रामची (त्या चाचणीच्या आलेखाची) कारणं बहुतेक वेळा पहिला टोन देण्याआधीचीच निघतात. म्हणून ओपीडी सुरू होण्याच्या अर्धा तास आधी पोहोचा. ऑडिओमीटर लावा, हेडफोन स्वतःच्या कानांवर चढवून 250 ते 8000 हर्ट्झ ऐका आणि वायर दोन्ही टोकांशी हलवून बघा. खरखर आली किंवा आवाज तुटला तर वायर बदलून घ्या. स्वतःचे थ्रेशोल्ड (जेमतेम ऐकू येणारे आवाज) वहीत लिहून ठेवलेले असावेत. आजच्या आकड्यांत त्यांच्यापेक्षा 10 डेसिबलहून जास्त फरक दिसला तर त्या मशीनवर रुग्ण घेऊ नका, सुपरवायझरना सांगा. लाल उजवा, निळा डावा, हे घाईतही दोनदा बघा.

मग ऑटोस्कोपने कानात बघा. मळाने कान गच्च भरला असेल तर आधी ईएनटीकडे पाठवा. वयस्कर रुग्णांत हेडफोनच्या दाबाने कानाची नळी मिटते. मग वरच्या फ्रिक्वेन्सींना कंडक्टिव्ह लॉस (आवाज आतल्या कानापर्यंत न पोहोचल्याने येणारा बहिरेपणा) दिसतो, पण टिम्पॅनोग्राम, म्हणजे पडदा आणि मधल्या कानाची चाचणी, नॉर्मल येतो. अशा वेळी कानाच्या नळीत बसणारे इन्सर्ट इअरफोन वापरा. चष्मा, कानातले, श्रवणयंत्र काढायला सांगा, केस मागे घ्या.

सूचना बोलीत द्या: "आजी, कितीही बारीक आवाज आला तरी बटण दाबा. नक्की आला का, असा विचार करत बसू नका." चांगल्या कानापासून, 1000 हर्ट्झला सुरुवात करा, प्रतिसाद आला की 10 डेसिबल खाली, नाही आला की 5 वर. टोनमधलं अंतर कमी-जास्त ठेवा, नाहीतर रुग्ण ताल पकडून बटण दाबतो. 1000 हर्ट्झ पुन्हा तपासा, थ्रेशोल्ड 5 पेक्षा जास्त हलला तर मागचे आकडेही पुन्हा घ्या.

खरी परीक्षा मास्किंगची, म्हणजे न तपासायच्या कानाला वेगळा आवाज देऊन गुंतवून ठेवण्याची. साध्या हेडफोनने आवाज 40 डेसिबलच्या फरकालाच पलीकडच्या कानात पोहोचू शकतो. हाडामार्गे तर जवळजवळ काहीच न गमावता पोहोचतो. म्हणून एअर-बोन गॅप (हवेतून आणि हाडातून घेतलेल्या थ्रेशोल्डमधला फरक) 10 पेक्षा जास्त दिसला की मास्क करा. हाडातून आवाज देणारा व्हायब्रेटर मॅस्टॉइडवर, म्हणजे कानामागच्या हाडावर, ठेवताना तो कानाच्या पाळीला टेकू देऊ नका.

बोलणं ऐकण्याच्या चाचणीची शब्दयादी रुग्णाच्या भाषेतलीच घ्या. एसआरटी (शब्द जेमतेम ओळखता येतील असा आवाज) आणि 500, 1000, 2000 हर्ट्झच्या थ्रेशोल्डची सरासरी यांत 10 पेक्षा जास्त अंतर पडलं, तर रुग्ण सोंग करतोय असं लिहिण्याआधी हेडफोन सरकला आहे का बघा आणि सूचना नव्याने द्या.