हिरवं केंद्रक दिसलं की लगेच नाचू नका

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी एका रात्री मायक्रोस्कोपखाली माझ्या पेशींची केंद्रकं हिरवीगार चमकली. अँटीबॉडी गॅमा-एच२एएक्सची, म्हणजे डीएनए तुटल्यावर उमटणारी खूण ओळखणारी. औषध डीएनए तोडतंय, असं ठरवून मी रात्री अकराला गाईडना फोटो पाठवला. पुढचे आठ महिने त्यातच गेले.

डीएनए-दुरुस्तीची साखळी तुम्हाला पाठ असेलच. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की एटीएम कायनेज (फॉस्फेट चिकटवणारं एन्झाइम) एच२एएक्स या हिस्टोनच्या, म्हणजे डीएनए ज्यावर गुंडाळलेला असतो त्या प्रथिनाच्या, १३९व्या सेरीनवर (एका अमिनो आम्लावर) फॉस्फेट लावतं (हाच गॅमा-एच२एएक्स), त्यावर एमडीसी१ हे प्रथिन बसतं, मग आरएनएफ८ आणि आरएनएफ१६८ युबिक्विटिन हे खुणेचं छोटं प्रथिन चढवतात आणि ५३बीपी१, बीआरसीए१ ही दुरुस्तीची प्रथिनं गोळा होतात. कडी निसटली की दुरुस्ती चुकते. जन्मतः एटीएम निकामी असलेल्या मुलांना लिंफोमा-ल्युकेमियाचा धोका म्हणूनच जास्त.

आता माझा खड्डा. तो फॉस्फेट डीएनए तुटल्याचं सांगतो, कोणी तोडला ते सांगत नाही. अपॉप्टोसिसमध्ये, म्हणजे पेशीच्या ठरवून होणाऱ्या मृत्यूत, पेशी स्वतःच आपला डीएनए कापते, तेव्हाही तोच फॉस्फेट लागतो. रेडिएशननंतर सुटेसुटे, मोजता येणारे ठिपके दिसतात. मरणाऱ्या पेशीत बहुधा अख्खं केंद्रक पेटतं. माझं अख्खं पेटलं होतं आणि मी त्यालाच ‘स्ट्राँग सिग्नल’ म्हणत होतो! त्यात मी बघायचो फक्त २४ तासांनी. रेडिएशनचे ठिपके अर्ध्या तासाच्या आसपास भरात असतात, २४ तासांत बरेचसे विझलेले.

शेवटी ३० मिनिटं, ४ तास, २४ तास असे तिन्ही वेळांचे नमुने घेतले, सोबत क्लीव्ह्ड कॅस्पेज-३ (अपॉप्टोसिसची खूण) रंगवलं. पहिल्या दोन वेळांना काहीच नाही. २४ तासांनी दोन्ही रंग, त्याच पेशींत. पेशी आधी मरायला लागत होत्या, डीएनए नंतर तुटत होता.

हे मला गाईडनी नाही, मायक्रोस्कोप सांभाळणाऱ्या टेक्निशियन ताईंनी दाखवलं. माझं स्पष्ट मत: पहिला फोटो अशाच माणसाला दाखवा, ज्याला तुमच्या पेपरशी देणंघेणं नाही. आणि सीनियरच्या वहीतला प्रोटोकॉल डोळे मिटून उतरवू नका. आमच्या वहीत फॉस्फो-ब्लॉटलाही (फॉस्फेट लागलेली प्रथिनं अँटीबॉडीने ओळखायची चाचणी) दुधाने ब्लॉकिंग होतं, म्हणजे अँटीबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून रिकाम्या जागा झाकणं. दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेट असलेलं प्रथिन, मग बॅकग्राउंड काळं येणार नाही तर काय? बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) वापरा.

आठ महिने वाया गेले म्हणून मी घरी तोंड लपवून बसलो होतो. तेच फोटो आता थिसिसमध्ये आहेत, फक्त प्रकरण बदललं: डीएनए-दुरुस्तीऐवजी पेशीमृत्यू.